गादीआडचा खोकला

जब्बार पिंजाऱ्याच्या खोकल्यावर आमच्या गावात वेळ कळायची. तो सुरू झाला की बाया चुलीला लागायच्या. तीस वर्षं कापूस पिंजून त्याच्या छातीत इतकं काही साठलं होतं, की शेजारची भागाबाई म्हणायची, "जब्बारभाऊ, तुना पोटमधून एक उशी सहज निंघी!" शिंदखेड्याकडच्या किती लग्नांच्या गाद्या त्यानं भरल्या. स्वतः मात्र सहा वर्षं भिंतीला पाठ लावून, बसून झोपत होता. आडवा झाला की श्वास अडायचा.

"माले एकडाव आडवं पडीसन झोपनं शे," एवढंच त्याचं मागणं.

छप्पन साली विकास गटाची योजना आली. गरीब वस्तीत दवाखाना. निम्मा वाटा सरकारचा, निम्मा वस्तीचा. पैसा नसेल तर अंगमेहनत चालेल, वस्तूही चालेल. आमची खालची आळी पेटली. सुकदेव सुतारानं दारं-खिडक्या कबूल केल्या, बायांनी नदीवरून दगड वाहिले, जब्बारनं चार गाद्या भरल्या. भागाबाई मजुरीवर जाणारी, पण जीभ पाटलाला भारी. ती आपोआप पुढारी झाली. मग निरोप आला, सरकारी वाटा द्यायचा की नाही ते ठरवायला साहेब येताहेत.

आता पाहुणे येणार म्हटल्यावर काय करायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पोरगी बघायला मंडळी आली की दमेकरी आजा आणि खरजुला पुतण्या मागच्या दारानं शेजारी जातात. भागाबाईनं सगळ्या आळीचंच स्थळ दाखवायचं ठरवलं. हिवतापाचे सात जण मळ्यात पाठवले, खरूजवाले नदीला, धुरपदाबाईची सुजलेली सासू कडब्याच्या गंजीआड. वरच्या आळीतून पाच धट्टेकट्टे गडी उसने आणून ओट्यांवर बसवले. जब्बारला हलवायचं राहूनच गेलं. जीपचा धुरळा दिसला तशी तिनं त्याला ओसरीच्या कोपऱ्यात दाबलं आणि पुढं त्याच्याच चार गाद्या रचल्या.

"खोकू नको हां भो! खोकना ते दवाखाना गया!"

साहेब आले आणि नेमके त्याच गाद्यांना टेकून बसले. चहा घेतला. उसन्या गड्यांपैकी एकाचा दंड चाचपला. "वा! तब्येती उत्तम आहेत."

भागाबाई फुलली. "बठ्ठा आसाच शेतस, साहेब! आठे कोनी शिंकत बी नही."

साहेबांनी पेन काढलं. "मग इथे दवाखाना कशाला? हा पैसा आजारी वस्तीला देतो."

भागाबाईनं गादीला कोपर हाणलं. "जब्बारभाऊ, खोक!"

गादी गप्प.

"खोक रे बाप्पा!"

गाद्या हलल्या. साहेब दचकून उभे राहिले. घामानं निथळणारं एक डोकं बाहेर आलं. "साहेब, मी आजारी शे."

"असं? खोकून दाखवा."

जब्बारनं छाती भरली, मान ताणली, डोळे पांढरे केले. काही नाही. अर्धा तास दाबून धरलेला खोकला कुठं जिरला देव जाणे. जन्मभर 'गप रे' म्हणून ओरडलेली माणसं त्याच्यापुढं हात जोडून उभी राहिली. एक उसना गडी मदत म्हणून खोकला, पण साहेबांनी त्याचा दंड ओळखला. ते जीपकडे वळले.

"मनी धनुकली लई या," जब्बार म्हणाला.

कापूस पिंजायची धनुकली आली. त्यानं आपल्या हातानं एक गादी फाडली, कापूस ओसरीवर ओतला आणि धनुकलीची ताणलेली तात ठोकायला सुरुवात केली. टण्, टण्! कापूस आढ्याला लागला, आणि मग खोकला आला. असा आला की गंजीआडून सासूनं साथ दिली, आणि घात झाला समजून हिवतापवाले दात वाजवत मळ्यातून धावत आले. साहेबांनाच ठसका लागला. डोळ्यांत पाणी, नाकात कापूस.

"डॉक्टर... आहे का कुणी?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"आठे कोठला, साहेब?" भागाबाई पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणाली. "शिंदखेडा तीन कोस."

साहेबांनी आधी सही केली, मग पाणी प्यायलं.

दुसऱ्या दिवाळीला दवाखाना उघडला. पहिला नंबर जब्बारचा. डॉक्टरांनी दंडात सुई दिली आणि गादीवर पडायला सांगितलं. गादी त्यानंच भरलेली. तो आधी कोपरावर टेकला, मग खांद्यावर, मग बिचकत पाठीवर. श्वास अडला नाही. सकाळी दहाच्या ढळढळीत उजेडात तो घोरायला लागला.

तेवढ्यात त्या गादीतला कापसाचा तंतू नाकात जाऊन डॉक्टर खोकले. दारातल्या भागाबाईनं डोळे वटारले, त्यांचं बखोट धरलं आणि मागच्या दारानं नेऊन त्यांना कडब्याच्या गंजीआड बसवलं.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही आठेच बठा. मना भाऊ झोपेल शे."