मामाला बसून राहणं ठाऊक होतं

दीपकमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अजमानच्या घरी चहा गाळत होते. अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्यातला त्याचा रूममेट हिंदीत एवढंच म्हणाला, "दीदी, सुबह उठे ही नहीं..."

मामा मूळचा कुडाळचा. अबुधाबीत शिकारीच्या बंदुकांच्या दुकानात सेल्समन. इथे त्याच्या नावावर बंदूक असणं शक्यच नव्हतं, पण कुणाच्या खांद्याला कुठली झेपेल हे तो माणूस दारातून आत येतानाच ओळखायचा. मग दुकानातली एक बंदूक नाहीशी झाली. स्टोअरची किल्ली ज्यांच्याकडे असे, त्या सगळ्यांना चौकशी संपेपर्यंत देश सोडायला बंदी. मामाने काही केलं नव्हतं, तसं कुणी म्हणतही नव्हतं. विचारलं की उत्तर एकच, "इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात." असे महिने जात राहिले, वर्षं झाली. रोज तो त्याच काउंटरमागे उभा राहून दुसऱ्यांच्या प्रवासाची तयारी करून द्यायचा.

एकदा मी डबा घेऊन गेले होते. एक अरब गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. दोघं अमेरिकेला रानटर्कीच्या शिकारीला निघाले होते. वडिलांना तिच्यासाठी मोठ्या नळीची बारा बोअर हवी होती. मामाने मुलीच्या हातात लहान नळीची, हलकी वीस बोअर दिली. म्हणाला, "मोठ्या काडतुसाचा धक्का एकदा बसला की पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, साहेब. टर्कीच्या अंगावर दाट पिसं, तिथे मारून उपयोग नाही. डोकं आणि मान, बस. त्यासाठी छर्रे पसरू न देणारा घट्ट चोक लावायचा, आणि निघण्याआधी कागदावर डोकं काढून त्यावर छर्रे कसे पडतात ते बघायचं."

मुलीने इंग्रजीत विचारलं, "आणि टर्की जवळ आलाच नाही तर?"

"झाडाला पाठ टेकून बसायचं. हलायचं नाही."

ते गेल्यावर डबा उघडत मामा माझ्याकडे बघून हसला. "बसून कसं राहायचं, ते मला विचार म्हणावं."

त्याच्या लेकीचं, सईचं लग्न कुडाळला झालं. दोनदा तारीख पुढे ढकलली, तिसऱ्यांदा मामाच म्हणाला, "आता उरकून टाका." कन्यादान माझ्या बाबांनी केलं. मंगलाष्टकं मामाने स्टोअरमध्ये, काडतुसांच्या खोक्यांना टेकवलेल्या मोबाइलवर ऐकली. मी शेजारी होते. "सावधान" झालं की तो मूठभर अक्षता त्या स्क्रीनवर टाकायचा. नंतर गुडघ्यांवर बसून एकेक दाणा वेचत राहिला... मी हात लावायला गेले तर म्हणाला, "असू दे गं. मला करू दे."

तो गेल्यावर मात्र कुणी काही अडवलं नाही. जिवंतपणी हलले नाहीत ते कागद भराभर हलले. विमानात मी वर, तो खाली सामानात.

त्याचा पासपोर्ट आता माझ्या कपाटात आहे. जुन्याची मुदत इथेच संपली, म्हणून इथेच नवा काढलेला. परवा पानं चाळली. सगळी कोरी, एकही शिक्का नाही. तो गेल्यावर रद्द केला म्हणून कोपरा तेवढा कापलेला.