आपल्याकडचंच गिधाड

आमच्या ह्यांचं अख्खं आयुष्य पक्ष्यांनी खाल्लं, असं मी म्हणते तेव्हा लोक हसतात. हसू देत. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागले आणि तिथेच म्हातारे झाले. घरातला बल्ब गेला तर शेजाऱ्याला हाक मारायची, पण मोडका पंख असा बांधायचे की बघत राहावं.

निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात वीटभट्टीवाल्यांनी पोत्यात घालून एक गिधाड आणलं. काजळीनं माखलेलं, पंख फाटलेला. त्या संध्याकाळी हे चपला न काढताच सांगत सुटले, "अगं, आपल्याकडचं नाहीच ते. काळं गिधाड आहे, सगळ्यांत थोराड." धुतल्यावरही पिसं काळीच राहिली म्हणे. मानेभोवती गडद पिसांची कॉलर, चोचीच्या बुडाशी निळसर कातडी. आपली गिधाडं तपकिरी, कड्यावर घोळक्यानं राहणारी. हे लांबच्या थंड डोंगरांतलं, झाडावर एकट्यानं घरटं करणारं. थंडीपुरतं इकडे येतं आणि ऊन तापायच्या आत परत जातं. मी म्हटलं, आधी हातपाय धुवा, मग त्याचं खानदान सांगा.

पंख भरत आला. तोवर ते ह्यांच्या चपलांचा आवाज ओळखायला लागलं होतं. दुसऱ्या कुणी मांस टाकलं तर पाठ फिरवायचं. ह्यांचाही त्याच्यावर जीव जडला, आणि तिथेच सगळं बिनसलं.

एकदा मी डबा द्यायला गेले, तर डॉक्टरीणबाई पिंजऱ्यापाशी उभ्या. नवीन होत्या, आमच्या मुलीच्या वयाच्या. गाई-म्हशी, कुत्री-मांजरं यांत तरबेज, पण पक्ष्यांचं सगळं ह्यांना विचारून करायच्या.

"काका, हे बाहेरून आलेलं तर नसेल ना? तसं असेल तर थंडी सरायच्या आत सोडायला हवं."

"छे, आपल्याकडचंच आहे," हे म्हणाले.

वर समजावलं, की काजळी पिसांत मुरलीय, पिसं गळाली की जाईल. निळं दिसतंय तो मुका मार. घाई कसली, सावकाश सोडू. बाईंनी विश्वासानं मान डोलावली आणि मी डबा हातात धरून तशीच उभी.

घरी आल्यावर मी चांगलं फैलावर घेतलं. ह्यांनी ताटावरून मान वर केली नाही. उन्हाळ्याअखेर निवृत्त होतोय, तोवर राहू दे, मग मी स्वतः सोडीन, म्हणाले. इतकी वर्षं पक्षी बरे केले नि सोडले, एक तरी थोडा माझ्यापाशी राहू दे. मला राग आला आणि कीवही आली.

ऊन तापू लागलं तसं गिधाड बिथरलं. दिवसभर एकाच कोपऱ्याकडे तोंड करून जाळीवर पंख आपटायचं. त्याचे सगळे भाऊबंद तोवर गेले असणार. भरलेली जखम उघडली, चिघळली. आता सोडून टाकू म्हणून हे धावपळ करायला लागले, पण त्या पंखात उडण्याजोगं काही उरलं नव्हतं. हे घास भरवायला बसायचे, ते चोच उघडायचं नाही. एका सकाळी त्याच कोपऱ्यात, जाळीला डोकं टेकून, मेलेलं सापडलं.

बाईंनी तपासताना पिसं चोळचोळून धुतली. काजळी उरलीच नव्हती, रंगच काळा होता. त्यांनी पुस्तकातलं चित्र काढून शेजारी धरलं. मग ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका काका, ओळखण्यात चूक कुणाचीही होते. ह्यांनी नुसती मान हलवली.

निरोपाच्या कार्यक्रमात बाई फार प्रेमानं बोलल्या. काकांनी आयुष्यात एकच पक्षी चुकीचा ओळखला, म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे हात जोडून हसत होते. मला तिथे बसवेना.

घरी येऊन ह्यांनी फुलांचा गुच्छ टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसले. चहा पुढे केला तरी हात पुढे येईना.

"खरंच चुकलो असतो," म्हणाले, "तर किती बरं झालं असतं गं."