आवाज बंद करायचं बटण

भोसरीतल्या आमच्या हॉस्पिटलात दुपारच्या शिफ्टला चौदा खाटांमागे आम्ही दोघी नर्स. त्यात ते मॉनिटर! पेशंटनं कूस बदलली, छातीवरची वायर हलली, की लागले कोकलायला. धावत जावं तर काही नाही. कान किटायचे नुसते. म्हणून आम्ही नातेवाइकांनाच शिकवून ठेवायचो, वायर चिकटवा आणि हे बटण दाबा. मलाही सीनियर सिस्टरांनी असंच शिकवलं होतं.

बारा नंबरला हार्ट अटॅकचा पेशंट होता, प्रेसशॉपमधला ऑपरेटर, चाळिशीचा. बायको चाकणला कंपनीत लाइनवर. तिला बटण दाखवलं तर हसून म्हणाली, "अहो सिस्टर, आमच्या लाइनलाही असंच. अलार्म वाजला की दाबायचं, नाहीतर सुपरवायझर खेकसतो." म्हटलं, चला, हुशार बाई मिळाली! खरंच खूश झाले होते मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पलीकडच्या आजोबांना सलाइन लावत होते. शीर सापडेना, नुसती चिडचिड. बारा नंबरचा मॉनिटर वाजला, बंद झाला. परत वाजला, परत बंद. बायको बसलीय जवळ, बघतेय ती, म्हटलं. काही मिनिटांनी सहज मान वळवली. पडद्यावर रुंद, मोठे ठोके एकमेकांना चिकटून धावत होते. हा ठोका जीव घेतो, हे मला झोपेतसुद्धा ओळखता येतं. पण बघायला तर हवं ना!

मी पोचेपर्यंत ती रेघही वेडीवाकडी झाली. छाती दाबली, शॉक दिले, डॉक्टर घामाघूम झाले. गेला तो.

"अलार्म कोण बंद करत होतं?" डॉक्टर कडाडले. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मी. सिस्टर दुसऱ्या पेशंटजवळ होत्या." तिच्या सासूनं तिथंच ऊर बडवून घेतला, "माझ्या लेकाला मारलंस गं!" मी खाली मान घालून वायरी काढत राहिले. लाज वाटत होती, पण नोकरीची भीती जास्त वाटत होती.

बॉडी न्यायच्या आधी ती माझ्याजवळ आली. डोळे कोरडे. म्हणाली, "सिस्टर, तुम्ही तर नीट शिकवलं होतं. माझ्याच हातून काही चुकलं असेल, ना?"

आणि मी, मेली, "असेल" म्हणाले.