तहानलेल्या ज्वारीची किरळ

मी मुळशीच्या वरच्या अंगाची, भातखाचरांतली. साठ सालच्या आसपास लग्न होऊन खाली कासारसाईकडे आले, तर इकडं सगळं रान ज्वारीचं. वडिलांनी आंदण म्हणून एक गाभण गाय दिली होती. माहेरचं तेवढंच काय ते माझ्यामागं आलं होतं.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली. गुडघाभर ज्वारी जागच्या जागी मलूल पडली. पेंढा संपत आलेला, गाय दावणीला हंबरत होती. मला राहवेना. बांधाकडची भाराभर कोवळी ज्वारी कापली आणि तिच्यापुढं टाकली. हिरव्या वैरणीत काय वाईट असणार? बाई गं! घटकाभरात तिच्या तोंडाला फेस आला, पाय झाडले आणि संपली. पोटातल्या वासरासकट.

सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "पांढऱ्या पायाची हाय! आली न्हाई तोवर गोठा रिता केला!" त्या दिवसापासून मला गोठा बंद. पाणवठ्यावर बायका आधी माझ्या पायांकडं बघायच्या, मग तोंडाकडं. आणि मी मूर्ख, मलाही ते खरं वाटायला लागलं! अंघोळीला बसले की टाचा दगडानं घासत राहायची.

दिवाळीला धाकटे दीर आले. ते पुण्याला शेतकी शिकत होते. हकीकत ऐकून हसलेच मेले!

"वहिनी, पाय कसले घेऊन बसलात? किरळ लागली तिला. पीक ज्या अमिनो आम्लांवर वाढतं, त्यातल्याच एकापासून कोवळी ज्वारी विष तयार करते. पाणी तुटलं की ते जास्तच साठतं. गुरानं चावलं की सुटतं."

अमिनो आम्ल मला काय कळणार, कपाळ! पण एवढं कळलं की ज्वारीच्या ताटालाही अडचणीत जीव राखायची युक्ती असते. मला तेवढीही नव्हती.

मी तशीच चुलीपाशी सासूबाईंकडं गेले. "आत्याबाई, ऐकलंत? गाय माझ्या पायगुणानं नाही गेली. किरळीनं गेली."

त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. "मग? किरळ कुनाला ठावं न्हाई? तवाच वळखली म्या."

"मग मला पांढऱ्या पायाची का म्हणालात?"

"तू भाताकडची. तुला कुनी सांगितलं न्हाई, आसं निघालं आस्तं, तर बोल माझ्यावर आला आस्ता."

त्यांनी भाकरी उलटली. माझ्या टाचांवर तेव्हा अजून खपल्या होत्या.