पल्लवीचं उत्तर

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही, मुलीला नाही, आणि ज्या शाळेत मी इतकी वर्षं मराठी शिकवते तिथल्या एकाही मैत्रिणीला नाही. तुम्हाला सांगते. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करते — मी चांगली शिक्षिका आहे. नम्रपणा मला जमत नाही आणि इथे त्याचा उपयोगही नाही. सातवीच्या पोरांना गोष्ट कशी वाचायची आणि मग स्वतःची कशी लिहायची, हे मला शिकवता येतं. म्हणूनच तर हे सांगणं भाग आहे. दुसऱ्या एखादीच्या हातून हे झालं असतं तर कदाचित तिला कळलंही नसतं. मला कळत होतं. करताना कळत होतं.

परीक्षेआधीचे उजळणीचे दिवस होते. गाइडमधली छापील उत्तरं मी वर्गात येऊ देत नाही. माझा एकच नियम — गोष्टीबद्दल हवं ते म्हणा, पण तसं म्हणायला लावणारं वाक्य मला गोष्टीत बोट ठेवून दाखवा. त्या वर्षी उजळणीसाठी मी स्वतःच एक छोटी गोष्ट लिहिली होती. दूर गावी बांधकामावर गेलेला बाप खूप दिवसांनी घरी येतो. लेकीसाठी नव्या चपला आणतो. चपला तिला मोठ्या होतात. ती त्या घालून अंगणभर फटक फटक चालते आणि बाप ओट्यावर बसून चपलांकडे बघत राहतो. एवढीच.

बापाने मोठ्या चपला का आणल्या असतील? वर्गाने पटापट हात वर केले. गरिबी, मॅडम. पुढच्या वर्षीही पुरल्या पाहिजेत म्हणून. मी मान डोलावली, कारण खरं सांगायचं तर लिहिताना माझ्याही मनात तेवढंच होतं.

मग पल्लवी उभी राहिली. जरीपटक्याकडून बसने येणारी, तिसऱ्या बाकावरची मुलगी. फारशी बोलायची नाही, पण बोलली की घरी बोलतात तसंच बोलायची. ती म्हणाली, “मॅडम, त्याले तिचा पाय केवढा झाला हे माहीतच नव्हतं. लय दिवसानं आला ना तो. म्हणून अंदाजानं आणली.” मी तिला वाक्य दाखवायला सांगितलं. तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे पाहा ना. पोरीच्या तोंडाकडे नाही पाहून राहिला तो. चपलेकडेच पाहून राहिला. त्याले लाज वाटून राहिली.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली — तिच्या विचारावर नव्हे, तिच्या ‘त्याले’वर. मी त्यांना गप्प केलं. “बरोबर आहे,” असं पल्लवीला म्हणाले. आणि घरी जाईपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं. गोष्ट माझी होती, पण ती वाचली होती तिने. आपल्या गोष्टीत आपल्यालाच न दिसलेलं काही असावं आणि ते एका बारा वर्षांच्या मुलीने दाखवावं — शिक्षकाला यापेक्षा मोठं काय मिळतं? त्या दिवशी मी मनापासून खूश होते. हे मुद्दाम सांगते. मला तिच्या उत्तराचं मोल पुरेपूर कळलं होतं.

त्याच आठवड्यात शाळेत पुण्याहून पाहुणे यायचे होते. चांगले पाठ निवडून ते इतर शिक्षकांना दाखवायचे, असं काहीसं काम होतं त्यांचं. मुख्याध्यापिकांनी माझा तास ठरवला. काय घ्यायचं, कसं घ्यायचं, कुणाला विचारायचं — त्यांनी एका शब्दानेही सांगितलं नाही. पुढचं सगळं माझं.

मी तोच पाठ घ्यायचं ठरवलं. अर्थातच. ते उत्तर वर्गात आलं की पाहुणे सरसावून बसणार, हे मला दिसत होतं. पण ते उत्तर ‘त्याले’, ‘लय’, ‘पाहून राहिला’ असं येणार, हेही दिसत होतं. मग मी काय केलं? आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर सानिकाला थांबवून घेतलं. सानिका हुशार, वक्तृत्वाची बक्षिसं मिळवणारी, स्वच्छ उच्चारांची. तिला ते उत्तर मी समजावून सांगितलं, वाक्यं बसवून दिली, दोनदा म्हणून घेतली. ती बिचारी प्रामाणिक. “मॅडम, पण हे तर पल्लवीनं सांगितलं होतं,” म्हणाली. मी म्हटलं, “वर्गातला विचार सगळ्या वर्गाचा असतो.” किती छान वाटतं ना ऐकायला?

आणि आता हेही सांगते, कारण नाहीतर तुम्ही मला निव्वळ नीटनेटकेपणाची वेडी समजाल. माझ्या माहेरी आम्ही असंच बोलतो. माझी आई आजही फोनवर “काहून वं, जेवली का?” असंच विचारते. मी कॉलेजात असताना ते सगळं मेहनतीने पुसून काढलं होतं. पाहुण्यांनी पल्लवीच्या तोंडून ते ऐकलं, तर त्यांना त्यात मी ऐकू येईन — अशी भीती मला वाटली. ही भीती म्हणजे कारण झालं, सबब नाही. बारा वर्षांच्या मुलीला तिची किंमत का द्यावी लागावी?

दुसऱ्या दिवशी तास उत्तम रंगला. बापाने मोठ्या चपला का आणल्या, हा प्रश्न मी विचारला आणि पहिला हात पल्लवीचा वर गेला. सरळ, कोपर न वाकवता. तिला वाटलं असणार, मॅडमना आपलंच उत्तर हवंय. मी तिच्याकडे पाहिलं. पाहिलंच नाही, असं म्हणायची सोय मला नाही — मी पाहिलं, आणि म्हणाले, “सानिका, तू सांग.”

सानिका उभी राहिली आणि म्हणाली, “वडिलांना मुलीच्या पायाचं माप ठाऊक नव्हतं. त्यांचं ओशाळलेपण लेखिकेने त्यांच्या नजरेतून दाखवलं आहे.” पाहुण्यांपैकी एक बाई चक्क टाळ्या वाजवू लागल्या. सगळा वर्ग वाजवू लागला. पल्लवीचा हात अजून वरच होता. मग हळूच खाली आला, आणि तिनेही टाळ्या वाजवल्या.

इथेच थांबलं असतं तर ही गोष्ट मी कदाचित कधीतरी, कुणाला तरी हसतहसत सांगून टाकली असती. थांबलं नाही.

मधल्या सुट्टीत पल्लवी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली. भांडायला नव्हती आली. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. “मॅडम, थे मी सांगतलं होतं ना, मंगळवारी? तुम्ही बरोबर म्हटलं होतं.”

आत पाहुण्यांचा चहा चालला होता. टाळ्या वाजवणाऱ्या बाई माझ्यापासून दोन हातांवर होत्या. मी म्हटलं, “तू? नाही गं. मला तर आठवत नाही.”

आवाज गोड होता माझा. मी तिच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला.

ती रडली नाही, रागावली नाही. “मग मलेच तसं वाटलं असन,” म्हणाली आणि गेली. तुमच्या लक्षात येतंय ना? तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मला आठवत नाही म्हणजे ते झालंच नसणार. मी तिचं उत्तर घेतलं होतंच. ते तिने दिलं होतं ही आठवणही आता खोटी ठरवून टाकली.

उजळणीचा शेवटचा भाग कथालेखनाचा होता. दिलेल्या सुरुवातीवरून गोष्ट पूर्ण करायची. पल्लवीने जी लिहिली तीत पहाटेची सोनेरी किरणं होती, पक्ष्यांचा किलबिलाट होता, ‘वात्सल्यमूर्ती माता’ होती. एक शब्द तिचा नव्हता. एक माणूस तिने पाहिलेला नव्हता. मी ती वाचली, मला सगळं समजलं, आणि मी तिला वर्गात सर्वांत जास्त गुण दिले. का दिले? भरपाई म्हणून? तसं असेल तर भरपाईसुद्धा मी उलटी केली — जे खोटं होतं त्यालाच शाबासकी दिली.

त्या तासामुळे माझं बरंच भलं झालं. मी आता इतर शिक्षकांना शिकवायला जाते. चपलांची गोष्ट दरवेळी सांगते, ते उत्तरही सांगते, आणि ‘माझी एक विद्यार्थिनी’ म्हणून सानिकाचं नाव घेते. दरवेळी सभागृह शांत होतं. दरवेळी मला बरं वाटतं.

मागच्या महिन्यात सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर कुणीतरी वाकून माझ्या पाया पडलं. पल्लवी होती. उंच झालेली, नोकरी करणारी, गळ्यात ओळखपत्र. इतक्यात तिचा फोन वाजला. “हो आई, निघून राहिली,” असं ती फोनवर बोलली, मग माझ्याकडे वळली आणि आवाज पार बदलला. एकेक शब्द घासूनपुसून ठेवल्यासारखा. म्हणाली, “मॅडम, मी आज जे काही बोलते ते तुमच्यामुळे. त्या वेळी तुम्ही सानिकाला विचारलंत तेव्हाच मी ठरवलं होतं, असं बोलायला शिकायचं.”

म्हणजे तिला तो तास आठवत होता. उत्तर कुणाचं होतं, हे आठवत होतं की नाही, ते मी विचारलं नाही. विचारता आलं असतं. गाडी यायला अजून वेळ होता, फलाटावर फार गर्दीही नव्हती.

“छान बोलतेस,” मी म्हणाले. तिचे आभार मी घेतले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि गाडी आल्यावर दुसऱ्या डब्यात जाऊन बसले.