काकूचा डावा गाल

माझ्या काकूवर अन्याय झाला. गेल्या दिवाळीनंतरच्या सोमवारी, कापसाची पहिली वेचणी चालू असताना, सकाळी, आमच्याच अंगणात. आणि तो करणारे परके नव्हते, घरचेच होते.

बेला गावाकडच्या आमच्या शेतात वेचताना गालाला नुसता कापूस घासला तरी काकू किंचाळून खाली बसायची. "वीज पडते व गालात!" मिनिटभरात शांत. मग पुन्हा. दुखणं तोंडात, म्हणजे दाढच, असं सगळ्यांनी ठरवलं. बाजारातल्या दातवाल्यानं एक दाढ उपटली. दुखणं थांबलं नाही म्हणून शेजारची. मग तिसरी. मी हातात घेऊन पाहिल्या, एकीलाही कीड नव्हती.

मग आजीनं निकाल दिला. "कापूस म्हंजे लक्ष्मी. लक्ष्मी जिले सोसत नाही, तिच्या अंगात दुसरंच काही असते."

त्या सोमवारी घरातल्याच दोघांनी काकूचे हात धरले, एकीनं केस. विळ्याचं टोक चुलीत लाल केलं आणि कानाखाली टेकवलं. मी आदिलाबादहून आमच्या संघटनेची पत्रकं छापून घेऊन पोचलो तेव्हा जळक्या कातडीचा वास अंगणातून गेला नव्हता.

तिला तशीच गाडीवर बसवली. तोंडाला पदर गच्च गुंडाळला होता, तरी वारा आत शिरला की ती माझ्या पाठीत बुक्क्या घालायची.

मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीण होती. डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या दुखण्याचं वेगळं शिक्षण तिनं बाहेर जाऊन घेतलेलं. ती म्हणाली, "कुठं दुखतं, दाखवा." काकूचं बोट गालापर्यंत गेलं आणि अलीकडंच थांबलं.

डॉक्टरीण माझ्याकडं वळली. "पाहिलंस? ज्याची दाढ दुखते तो गाल दाबून धरतो. या हातच लावत नाहीत." मग तिनं कापसाची वात करून हलकेच ओठाजवळ टेकवली. काकूनं स्टूलच लाथाडलं. "चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे हे. दाढेचं नाही, भुताचं तर नाहीच. आम्हाला कॉलेजात दोन ओळींत उरकलं होतं. पुढं मुद्दाम शिकले म्हणून कळतं."

गोळी दिली ती फिटवरही देतात. घरी मेडिकलवाल्याकडून काकांना ते कळलं. "फिटची गोळी? माह्या पोरीचं लगन व्हायचं हाय!" गोळ्या नालीत. मी त्यांना कॉलर धरून भिंतीवर आपटलं. हात उगारलाच होता.

अर्ध्या तोंडानं काकू बोलली, "मारामारी मंग करजा. आंधी गोळ्या उचला."

उचलल्या, मीच. पाकीट बंद होतं म्हणून वाचल्या. डॉक्टरणीनं हळूहळू गोळी वाढवली. आज काकू भाकर खाते, उजव्या बाजूनं. डाव्या बाजूला दाढा आहेत कुठं? आणि डाग तसाच आहे.

आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला मी विचारलं, तुम्ही हे शिकून का येत नाही? तो हसला. "डोकं दुखते, गोळी द्यायची. त्यात शिकायचं काय?"

तुम्ही हसू नका. तुमच्या घरातली बाई गालाला हात न लावता गाल दाखवत असेल, तर चुलीतला विळा काढून पाण्यात टाका आणि दातवाल्याला रिकाम्या हातानं परत पाठवा. आणि येत्या सोमवारी माझ्यासोबत आरोग्य केंद्राच्या दारात येऊन बसा. डॉक्टरला हे शिकायला पाठवल्याशिवाय उठायचं नाही.