मामांच्या ओवीवर माझी पेटी

माझ्या मामांची एक ओवी मी कायमची पुसून टाकली आहे. पुसताना मी अतिशय सुरात वाजवत होतो.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, सिदाप्पामामा. राहणार मंद्रूप. सारा जन्म मेंढरांमागं गेला, आणि चालता चालता ओव्या बांधायची सवय लागली ती लागलीच. मी सोलापूरला शुक्रवार पेठेत राहतो, शाळेत गणित शिकवतो आणि फावल्या वेळात कीबोर्ड वाजवतो. (फावला वेळ मला जरा जास्तच मिळतो, असं शेजाऱ्यांचं मत आहे.) आईची पंचाहत्तरी जवळ आली, तेव्हा मी ठरवलं की मामांची ओवी रेकॉर्ड करायची, तिला मागं कीबोर्डवरच्या पेटीची साथ द्यायची आणि सगळ्या पाहुण्यांसमोर आईला ऐकवायची. यातलं फक्त पहिलं आणि शेवटचं ठरवलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

रेकॉर्डर व्यंकटेशनं दिला. तो आमच्याच गल्लीतला, ऑर्केस्ट्रात वाजवतो. वहीएवढं यंत्र, सेलवरही चालतं, आणि त्यात आठ ट्रॅक. म्हणजे एकाच गाण्यासाठी आठ वेगळे कप्पे. एकात गाणं भरा, दुसऱ्यात पेटी, तिसऱ्यात ढोल. ज्या कप्प्याचा लाल दिवा लावाल त्यात आवाज भरतो, आणि आधीचं काही असेल तर ते जातं. हे व्यंकटेशनं मला दोनदा सांगितलं. मी गणिताचा शिक्षक असल्यामुळे दोन्ही वेळा मान हलवली.

मामा एका रविवारी आले. अडचण अशी झाली की मी बटणाकडं हात नेला की मामांचा आवाज बसायचा. शेकडो माणसांसमोर रात्रभर गाणारा हा माणूस, पण मी यंत्रावर वाकलो की खाकरायचा, फेटा सारखा करायचा आणि विचारायचा, "म्हनू का आता?" मग जे निघायचं ते गाणं नसायचं, पोलिसांपुढं दिलेला जबाब असायचा.

तेव्हा मला मिडी आठवलं. मिडी म्हणजे एक वायर. तिच्यातून आवाज जात नाही, फक्त हुकूम जातात. कीबोर्ड बाहेरच्या खोलीत, रेकॉर्डर आतल्या खोलीत, मधे पंधरा फूट वायर. मी बाहेर बसून कीबोर्डवरचं बटण दाबलं की आत रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा दाबलं की बंद. हे जमवायला माझी अख्खी दुपार गेली. माझी बायको सुनंदा त्या वायरीला दोनदा अडखळली आणि तिसऱ्यांदा तिनं मला विचारलं की आत जाऊन बटण दाबायला किती पावलं लागतात. मी मोजली नव्हती.

मामांना मात्र पटकन कळलं. म्हणाले, "म्हंजी लांबनं हाळी दिली की मेंढरू थांबतंय, तसं की."

आणि खरं सांगतो, ते जमलं. मामा आत आईसमोर बसले, जुन्या गोष्टी निघाल्या, आणि मी बाहेरून हळूच बटण दाबलं. बोलता बोलता मामा गायला लागले. ती ओवी आधी कुणी ऐकलेली नव्हती, बहुतेक मामांनीसुद्धा नाही. आई लग्न होऊन सोलापूरला निघाली त्या दिवसाची. तिनं वाढवलेलं एक कोकरू गाडीमागं वेशीपर्यंत आलं, आणि मामांनी ते उचलून परत आणलं. पाच मिनिटांची ओवी. आई पदर तोंडाला लावून बसली होती. रडत होती की हसत होती, मला दारातून कळलं नाही.

मामा मंद्रूपला परत गेले आणि मी ती ओवी रोज ऐकायला लागलो. वीसेक वेळा ऐकल्यावर मला पाठ झाली. कुठं श्वास घेतात, कुठं थांबतात, सगळं मी मात्रांत मोजून ठेवलं. पुढच्या रविवारी साथ भरायला बसलो. आत जाऊन कीबोर्डच्या आवाजाची दुसरी वायर दोन नंबरच्या कप्प्याला जोडली, त्याचा लाल दिवा लावला, बाहेर आलो, हेडफोन घातला.

एक नंबरचा, म्हणजे मामांच्या ओवीच्या कप्प्याचा, दिवा विझवायचा राहिला होता.

आता तुम्ही विचाराल, की वाजवताना मामांचा आवाज येत नाही हे कळलं कसं नाही? तर हेडफोन कीबोर्डला लावलेला होता, रेकॉर्डरला नव्हे. मला फक्त माझी पेटी आणि ठोक्याची टिकटिक ऐकू येत होती. मामांना ऐकायची गरज मला वाटलीच नाही. ते मला पाठ होते ना!

पहिल्यांदा वाजवलं, ठीक झालं. ठीक मला चालत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. असं मी सात वेळा वाजवलं, आणि दर वेळी आतल्या खोलीत उघडा राहिलेला माइक एक नंबरच्या कप्प्यात प्रामाणिकपणे नवा आवाज भरत होता. सातवा प्रयत्न अप्रतिम झाला. इतका, की पुन्हा ऐकून बघावा असंही मला वाटलं नाही.

पंचाहत्तरीला तीसेक माणसं जमली. आईला नवं लुगडं, मामांना नवा फेटा. मामा आईशेजारी बसले. मी छोटंसं भाषण केलं (सुनंदाच्या मते छोटं नव्हतं), रेकॉर्डर आईपुढच्या पाटावर ठेवला, त्याला चार्जिंगचा स्पीकर जोडला, आणि स्वतः लांब कीबोर्डपाशी उभा राहिलो. लांबून यंत्र चालवून दाखवायचा मोह होता, दुसरं काय.

बटण दाबलं. सुरुवातीची पेटी झकास वाजली. मग मामांनी यायचं होतं. मामा आले नाहीत. धप्, धप्, धप् असा आवाज आला.

शेंगाचटणी कुटायचा आवाज होता तो. मग आईचा आवाज आला, की मीठ बेतानं घाल. पाहुणे हसायला लागले. मग सुनंदाचा आवाज, सासूला विचारणारा, अगदी स्वच्छ: "आत्या, मामांचं गाणं नुसतंच चांगलं होतं की. ह्यांनी पेटी कशाला घातली त्यात?"

आणि आई: "त्याला लहानपनापासनं असंच हाय. दुसऱ्याच्या ताटात बोट घातल्याबिगर त्याला जेवन जात न्हाय."

"मग सांगा की तुम्ही."

"न्हाय बाई. वाईट वाटंल त्याला."

मी घाईनं शेजारचंच बटण दाबलं. ते थांबायचं नव्हतं, पहिल्यापासून सुरू व्हायचं बटण होतं. त्यामुळं ज्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नव्हतं त्यांचीही सोय झाली. शिवाय कीबोर्डचा आपला स्वतःचा ढोलताशा चालू झाला तो वेगळाच. सुनंदा धावली आणि तिनं भिंतीतला प्लग ओढला. कीबोर्ड मेला. रेकॉर्डर सेलवर होता, स्पीकर चार्जिंगचा होता. दोघंही हुकूम देणारा गेल्यावर निर्धास्तपणे चालत राहिले. धप्, धप्, मीठ बेतानं घाल, ताटात बोट. शेवटी माझ्या मेव्हण्यानं पाटाजवळ जाऊन, साधं हातानं, बटण दाबलं. दोन पावलं लागली त्याला.

सगळ्यात जास्त मामा हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग डोळे पुसत त्यांनी मला सहज विचारलं, "आनि माझं कुटं हाय?"

मी म्हणालो, आहे मामा, दुसऱ्या कप्प्यात आहे, आज चुकून हे लागलं. आईनं माझ्याकडं बघितलं. ती पंचाहत्तर वर्षांची आहे आणि त्यातली पन्नास तिनं माझं खोटं ओळखण्यात घालवली आहेत. पण तिनं मामांना जेवायला उठवलं.

पाहुणे गेल्यावर मी यंत्र घेऊन व्यंकटेशकडं पळालो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागं जायची सोय हाय सर, पण एकदाच जातंय. तुमी किती वेळा घेतलं?"

"सात."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. सहाव्या प्रयत्नापर्यंत मात्र त्यानं मला परत नेलं. तिथं चटणी जरा कमी कुटली गेली होती.

पुढच्या आठवड्यात मी मंद्रूपला गेलो. वायर नाही, कीबोर्ड नाही, नुसता रेकॉर्डर. मामांना खरं काय ते सांगितलं. ते रागावले नाहीत. बाजेवर बसून डोळे मिटले, दोन ओळी म्हणाले, थांबले, वेगळ्याच दोन म्हणाले, पुन्हा थांबले. मग म्हणाले, "न्हाय रं. ती तुज्या आईला समोर बघून आल्ती. मी कुटं बांधली हुती ती." मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी दुसऱ्या तीन ओव्या म्हटल्या. चांगल्या होत्या. मी एकदाही मधे हात घातला नाही, आणि त्या तिन्ही माझ्याकडं नीट आहेत. कोकराची नाही.

मी मात्रा मोजून ओवी पाठ केली होती, असं वर मोठ्या तोंडानं सांगितलं. शब्द? शब्दांकडं माझं लक्षच नव्हतं.

यंत्र परत द्यायच्या आधी मी ते सातवं रेकॉर्डिंग एकदा शेवटपर्यंत ऐकलं, पहिल्यांदाच. माझी पेटी संपते, आणि तिथून पुढं काही सेकंद जुनं राहून गेलेलं आहे, कारण वाजवून झाल्याच्या आनंदात सातही वेळा मी बटण जरा लवकर दाबलं होतं. तेवढ्यात मामा आहेत. शेवटच्या दोन ओळी:

*कोकरू मागं बगतंय, वाट सरंना,*
*बहीन गेली पेठंला, घर भरंना.*

मग मामांचा आवाज, आतून मला हाक मारून विचारतात, "आलं का रं समदं त्यात?"

आणि बाहेरच्या खोलीतून, लांबून पण अगदी स्पष्ट, माझा आवाज: "आलं मामा. आता ते कुठंच जात नाही."